झडीची बेगमी: बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडं बर्फ पडत नाही, पण आषाढात आठ-आठ दिवस दार उघडता येत नाही एवढा पाऊस लागतो. या दिवसांबद्दल दरवर्षी तेच प्रश्न येतात. आधी साधे, मग अवघड असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा दिलेलं नाही. कुठं पाहायचं ते सांगितलं आहे.

१. झड म्हणजे किती पाऊस? आणि तयारी कधी उरकायची?

एका सरीत किती कोसळलं यापेक्षा उघडीप किती मिळाली, हे झडीत महत्त्वाचं. भिंती, लाकूड, कपडे वाळायला वेळच मिळत नाही, तेव्हा झड लागली म्हणायचं. पुनर्वसूचा पाऊस म्हणजे तरणा आणि पुष्याचा म्हणजे म्हातारा. साधारण ६ जुलै ते २ ऑगस्ट हे चार आठवडे आपल्या भागाला सगळ्यांत जड जातात. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस होतो. शहरातून पूर्वेला गोकाक-अथणीकडं जाल तसा तो झपाट्यानं कमी होतो. छप्पर आणि भिंतीची कामं मृग निघण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत संपवा. वाणसामान जूनअखेर भरलं तरी चालतं.

२. यलो, ऑरेंज, रेड याचा घरातल्या माणसानं काय अर्थ घ्यायचा?

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. दिवस मोजला जातो सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३०. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हातपाय हलवा.

मिलिमीटर डोळ्यासमोर आणायचा सोपा हिशेब असा: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १०० मिलिमीटर पडला तर ९,३०० लिटर. तेवढं पाणी एका तीन इंची पाइपानं उतरायचं असतं, आणि त्या पाइपाच्या तोंडावर पिंपळाची पानं बसलेली असतात.

इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या गल्लीचा नाही. एकाच रेड अलर्टमध्ये खानापूर बुडतं आणि रायबागेत धूळ उडते. म्हणून रंगाइतकंच तुमच्या वरच्या अंगाला काय पडतंय तेही बघायचं (प्रश्न १२).

३. सूचना कन्नडमध्ये येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कळत नाहीत. कोणते शब्द पाठ करावेत?

दहाएक शब्द पुरेत. एच्चरिके म्हणजे इशारा. भारी मळे म्हणजे जोराचा पाऊस. रजे म्हणजे सुट्टी, हा पोरांना आधीच येतो. सेतुवे मुळुगडे म्हणजे पूल पाण्याखाली. ओळहरिवु म्हणजे धरणात येणारं पाणी, होरहरिवु म्हणजे सोडलेलं पाणी, नीरु बिडुगडे म्हणजे विसर्ग. भूकुसित म्हणजे दरड कोसळणं, मने कुसित म्हणजे घर पडणं. निवारा केंद्राला म्हणतात काळजी केंद्र. हा शब्द तरी कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून फोन ठेवता तिथं चिकटवा. खाली आकडे लिहा: तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, विजेला हेस्कॉमचा १९१२, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७.

४. पाच माणसांच्या घराला किती दिवसांचं सामान लागतं?

शहरात आणि हमरस्त्यावरच्या गावात तीन-चार दिवसांचं पुरे. नदीकाठाला दहा दिवसांचं. आमगाव, गवाळी, पास्टोलीसारख्या रानातल्या गावांत तर नाल्याला पाणी चढलं की वाटच तुटते. तिथली मंडळी चार महिन्यांचं भरतात, त्यांना आपण काय सांगणार.

पाच माणसं, दहा दिवस असा हिशेब: तांदूळ आणि पीठ मिळून २० किलो, डाळी-कडधान्यं ४ किलो, तेल दीड लिटर, गूळ-साखर २ किलो, चहा पाव किलो, दूध पावडर अर्धा किलो, मीठ १ किलो. शेंगदाणे आणि चिरमुरे हिशेबात धरू नका. ते आणाल तेवढे संपतात.

चूक होते ती पिठात. वीज गेली की गिरणी बंद, म्हणून लोक महिन्याचं दळून आणतात. जोंधळ्याचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. पुढची सोय तांदूळ, हुलगे, मसूर आणि सांडग्यांवर ठेवा, त्यांना गिरणी लागत नाही. हुलग्याचं पिठलं आणि भात यावर घर चार दिवस कुरकुर न करता निघतं.

औषधं पंधरा दिवसांची घ्या. भरलेली दुसरी गॅस टाकी घरात असू द्या. वाळलेलं सरपण आणि शेणी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर रचा. खालचा थर जमिनीचीच ओल ओढतो.

५. कौलं गळतात. पावसातच चढून बदलली तर चालेल का?

नाही. ओल्या कौलावर शेवाळ असतं आणि खालची रीप कुजलेली असली तर वरून कळत नाही. आतून, माळ्यावर उभं राहून काम करा. गळणारं थेंबाचं ठिकाण आणि फुटलेलं कौल सहसा एकाच जागी नसतात. पाणी रिपेवरून वाहत खाली येऊन टपकतं. म्हणून डाग दिसतो तिथून चढाच्या दिशेनं वर बोट फिरवत जा. फुटकं कौल सापडलं की वरच्या ओळीतलं कौल आतून दोन बोटं उचला आणि तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा त्याच्याखाली असा सरकवा, की पत्र्याचं खालचं टोक पुढच्या कौलावर येईल. उलटं लावलंत तर सगळं पाणी घरात.

मंगळुरी कौलं एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. दरवर्षी वीस-पंचवीस जादा घेऊन ठेवा. वानरांचा हिशेब वेगळा.

स्लॅबचं घर असेल तर एकच काम: पाण्याच्या तोंडावर जाळी, आणि झडीत दिवसातून एकदा ती साफ. चार इंच पाणी साचलं तर दर चौरस मीटरला १०० किलो वजन वाढतं.

६. मातीच्या भिंतीचं घर आहे. भिंत पडेल हे आधी कसं ओळखायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत उशिरा विचारला जाणारा हा प्रश्न. आपल्या भागात पावसात माणसं दगावतात त्यात वाहून जाण्याइतकंच भिंतीखाली सापडणंही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात बेळगाव तालुक्यातल्या बडाल-अंकलगीत घर कोसळून एकाच वेळी सात जण गेले. महिना पाहा: ऑक्टोबर. झड तेव्हा कधीच सरलेली असते.

भिंतीत पाणी तीन वाटांनी शिरतं. एक माथ्यावरून, जिथं कौलं भिंतीवर टेकतात तिथल्या गळतीनं. दुसरी पायथ्याशी: पागोळ्या जमिनीवर आपटून उडालेलं पाणी भिंतीचा पाया कुरतडतं. तिसरी पश्चिमेच्या भिंतीवर थेट झोडपणाऱ्या पावसाची. ओली भिंत जड होते आणि त्याच वेळी मातीची पकड सुटते. वजन वाढतं, ताकद उतरते. मग ऊन पडतं, बाहेरचा थर आकसून तडकतो, आतला गाभा अजून ओलाच असतो. म्हणून पाऊस थांबल्यावरचे दोन-तीन दिवस झडीपेक्षा वाईट. लोक नेमके तेव्हाच निर्धास्त होऊन परत भिंतीकडेला अंथरूण घालतात.

खुणा अशा: कालपर्यंत लागणारं दार आज अडकायला लागलं, वर रुंद आणि खाली अरुंद होत जाणारी तड, गिलाव्यावर टकटक केल्यावर पोकळ आवाज, कोपऱ्यात दोन भिंतींचा सांधा सुटणं, रात्री बारीक माती झरल्याचा आवाज. शंका असेल तर ओळंबा सोडा. आज भिंतीपासून दोऱ्याचं अंतर मोजून पेन्सिलनं लिहा, उद्या त्याच वेळी पुन्हा मोजा. अंतर बदललं तर भिंत चालते आहे.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की घर पक्कं झालं असं वाटतं. होतं उलटं. वरून शिरलेलं पाणी सिमेंटमागं कोंडलं जातं, बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि बाहेरून कोरडी दिसणारी भिंत आतून चिखल होते. गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच बरा.

पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताची ताटी किंवा ताडपत्री लावा, पण भिंतीला चिकटवून नव्हे. वीतभर फट ठेवा, नाहीतर आत घाम धरतो. पागोळ्यांखाली पत्र्याची पन्हळ बसवा. ते जमत नसेल तर निदान खडीचा हातभर पट्टा टाका म्हणजे चिखल उडणार नाही. नुसती ओल असलेल्या भिंतीला बाहेरून टेकू देता येतो: फळी आडवी, तिला तिरका वासा, खाली खुंटी. फुगलेल्या भिंतीला मात्र टेकू द्यायला जाऊ नका. तिथून निघायचं. अंथरूण कुठल्याही संशयास्पद भिंतीपासून तिच्या उंचीइतकं लांब घाला. तेवढी जागा घरात नसेल तर शेजार, शाळा किंवा काळजी केंद्र. आणि ऊन पडल्यावरही लगेच परतू नका.

७. इन्व्हर्टर किती वेळ चालेल? आणि भिंतीला हात लावला की मुंग्या येतात, त्याचं काय?

१५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. वाया जाणारं वजा करून, बॅटरी पूर्ण उपसायची नाही असं ठरवून, हाती हजार धरा. तीन एलईडी दिवे, राउटर आणि एक पंखा असा शंभरएक वॅटचा भार दहा तास निघतो. पंखा बंद केला तर पूर्ण दिवस. झडीत पंखा लागतो तो कपडे वाळवायला. वीज असताना लावा.

मुंग्या येणं हसण्यावारी नेऊ नका. ओल्या भिंतीतल्या तारेचं वेष्टण गेलंय. हात-पाय कोरडे करून, चप्पल घालून मेन स्विच पाडा, वायरमनला बोलवा, तोवर मोटार आणि बादलीत टाकायचा हीटर दोन्ही बंद. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो आपोआप पडतो. सारखा पडतोय म्हणून त्याला बगल देऊन तार जोडून घेणारे महाभाग आहेत. तो पडतोय म्हणूनच तुम्ही उभे आहात.

तार तुटून पाण्यात पडली असेल तर किमान दहा मीटर लांब. जवळ असाल तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता, सरकत मागं या. मग १९१२.

८. थंडी वाजते म्हणून शेगडी खोलीत आणली तर?

दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव ठेवून झोपू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. जनरेटरही सोप्यात किंवा जिन्याखाली नको. शेकायचं तर चुलीपाशी, धुराडं आणि दार उघडं ठेवून. रात्रीला घोंगडं.

९. आडाचं पाणी गढूळ झालंय. उकळावं की पावडर टाकावी?

पिण्याचं रोज उकळा: खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. आधी चार पदरी धुतलेल्या सुती कापडातून गाळा. गढूळ पाण्यावर औषधाचा जोर चालत नाही.

आडासाठी ब्लीचिंग पावडरचा हिशेब: हजार लिटरला अडीच ग्रॅम. आड ३ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं थांबा. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती आडात सोडा, वरखाली करून मिसळा. एक तासानं पाणी वापरता येतं. पुराचं पाणी आत शिरलेलं असेल तर हे प्रमाण पुरत नाही; आधी उपसा, मग ग्रामपंचायतीकडून जादा मात्रेनं शुद्धीकरण. पावडरचं पोतं उघडं राहिलेलं असेल तर तिचा दमच गेलेला असतो.

१०. घरात साप शिरला किंवा कुणाला चावला तर?

बिळांत पाणी भरलं की साप कोरडी जागा शोधतो: सरपणाचा ढीग, शेणी, जोडे, अंथरूण. मण्यार रात्री निघतो आणि त्याचा दंश कधीकधी जाणवतही नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, जीभ जड झालीय असं कुणी म्हणालं तर अपचन समजू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

चावल्यावर: माणसाला चालवू नका, अंगठी-बांगड्या काढा, चावलेल्या अवयवाला फळी बांधा, म्हणजे तो हलणार नाही. करकचून दोरी नको, चिरा नको, मंत्र नको. १०८ बोलवा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात जा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

११. मोबाइल बंद, टीव्ही बंद. पोरं घर डोक्यावर घेतात. काय करायचं?

चल्लस-आठ मांडा. कन्नड घरांत यालाच चौकाबारा म्हणतात. खडूनं जमिनीवर पाच बाय पाच अशी पंचवीस घरं काढा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. फुलीतली सोंगटी मरत नाही. चौघे खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या: एकाच्या शेंगदाण्याच्या, एकाच्या बांगडीच्या काचांच्या, काहीही.

चार कवड्या टाका. जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की आणखी एक डाव. आपल्या फुलीतून निघून बाहेरची सोळा घरं उजवीकडं सरकत फिरायची, मग आतल्या आठ घरांत उलट दिशेनं, आणि शेवटी मधल्या फुलीत. मधे पोचायला एका सोंगटीला चोवीस घरं चालावी लागतात. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. या एका नियमामुळं खेळाला धार येते आणि भांडणंही. घराघरात पोटनियम वेगळे, म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या.

कवड्या नसतील तर चिंचोके ओल्या फरशीवर एका बाजूनं घासा. ती बाजू पांढरी झाली की तिलाच उताणी धरायची. चारही सारख्या आकाराचे घ्या, नाहीतर एकच चिंचोका कायम पालथा पडतो. टाकायला घोंगड्याची घडी घ्या. फरशीवर टाकलेले कपाटाखाली जातात.

वाघ-बकरी दोघांना पुरते, भेंड्यांना काहीच लागत नाही आणि अंधारात त्याच बऱ्या. मऊ पडलेले चिरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवले की पुन्हा कुरकुरीत होतात. गार झाल्यावरच तेल-तिखट लावा, गरम असताना लावलं तर पुन्हा वातड.

१२. आमच्याकडं ऊन पडलंय. तरी घर सोडा म्हणतात. हे काय?

कृष्णाकाठचा पूर आपल्या पावसावर येत नाही. तो कोयना, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यातून येतो. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचं पाणी आणि दूधगंगेचं पाणी एक होऊन चिकोडी तालुक्यात कल्लोळला पोचतं. तुमच्याकडं आभाळ निरभ्र असताना कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटात काय पडलं आणि धरणातून किती सोडलं, ते तुमच्या उंबऱ्याशी नंतर येतं. सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये मोजतात: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. आकडा सतत वाढतोय का, एवढं पाहिलं तरी पुरे.

खानापूरकरांनी मलप्रभा, संकेश्वरकरांनी आंबोली-आजऱ्याहून येणारी हिरण्यकेशी आणि निपाणीकरांनी वेदगंगा अशीच वरच्या अंगाला पाहायची. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आल्यानं पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता. कोल्हापूरला दवाखान्याची तारीख असेल तर एवढं ध्यानात ठेवा. डायलिसिसचे रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या बायका यांनी रेड अलर्टची वाट न पाहता दवाखान्याच्या बाजूच्या काठाला नातेवाइकांकडं आधीच जाऊन राहावं.

१३. पुलावर फक्त वीतभर पाणी आहे. गाडी निघेल की!

वीतभर वाहत्या पाण्यात माणसाचा पाय सुटतो. फूटभर पाणी लहान मोटार उचलतं, दोन फूट बहुतेक सगळ्या गाड्या. शिवाय पाण्याखाली पूल आहे की खचलाय हे वरून दिसत नाही. कुडची-उगारसारखे सखल पूल दर मोठ्या पुरात बुडतात. त्यांच्यासाठी पर्यायी रस्ता आधीच माहीत हवा. चोर्ला आणि अनमोड घाटातून रात्री जाऊ नका, दरडी अंधारात दिसत नाहीत.

१४. जनावरांचं काय? गोठ्यात बांधून जावं का?

कधीही नाही. हलवता आली नाहीत तर दावी सोडा. बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं, सुटलेलं उंचवटा शोधतं. चारा माळ्यावर ठेवा. भिजून काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा घालू नका.

१५. भिंत पडली. आधी आवरावं की पंचनामा?

माणसं सुखरूप असली तर आधी फोटो. समोरून, चारही कोपऱ्यांतून, आतून, आणि एका फोटोत घराचा क्रमांक किंवा ओळखीची खूण. मग त्याच दिवशी गावच्या तलाठ्याला (इथं ग्राम आडळिताधिकारी) आणि पंचायतीला लेखी कळवा, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलेला बरा, फेऱ्या वाचतात. नुकसान ए, बी, सी अशा वर्गांत मोडतात आणि मदत त्यावर ठरते. म्हणून पाहणी होते तेव्हा घरचं जाणतं माणूस हजर हवं आणि कुठला वर्ग लिहिला ते तिथंच विचारायला हवं. आधार, बँक पासबुक आणि घराचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्याच्या वर ठेवा. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचा कागदही त्याच पिशवीत. सगळ्यांत जास्त अर्ज तिथंच अडकतात.